ठिगळाची लाज कोणाला?

आमच्या सावरगावचे नाव बाहेरच्या जगाला वर्षातून एकदाच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभे राहते आणि गोटमार सुरू होते. त्या दगडांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते आदल्या दिवशीच्या झुलीविषयी.

आमच्या घरची बैलांची झूल माझ्या सासऱ्यांच्या वेळची आहे. मूळचे लाल कापड आता निम्मेच उरले असेल. बाकी सासूबाईंच्या लुगड्याचे काठ, एका जुन्या चादरीचा तुकडा आणि माझ्या हातची तीन-चार ठिगळे. दरवर्षी पोळ्याआधी ती पेटीतून निघते, उसवलेले शिवले जाते आणि ती बैलाच्या पाठीवर चढते. ‘अजून तीच झूल?’ असे आजवर कोणी विचारलेले नाही. उलट जुनी झूल म्हणजे घराचा मान. परंतु त्याच दिवशी बैलांना ओवाळणाऱ्या सुनेच्या अंगावर मागल्या पोळ्याचीच साडी असेल, तर तीन घरे पलीकडची बाई ती ओळखते आणि तसे बोलूनही दाखवते. बैलाला जे शोभते ते माणसाला लाजिरवाणे कधीपासून झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर वाचकांपैकी अनेकांना, विशेषतः ज्यांच्या कपाटांची दारे आता नीट लागत नाहीत त्यांना, रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांनी निदान एक वर्ष अंगावरचे कापड विकत घेणे संपूर्ण थांबवावे. आहे तेच उसवावे, कापावे, जोडावे आणि वापरावे. आणि कपाटात जागा व्हावी म्हणून जुने कपडे ‘गरिबांना’ देऊन टाकण्याचे पुण्यही त्या वर्षी पदरात घेऊ नये. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. ती का, ते पुढे येईलच.

गेल्या गुढीपाडव्याला मी स्वतः हा नेम धरला. पहिल्याच दिवशी कपाट रिकामे करून सर्व कपडे पलंगावर मांडले, आणि ज्या साड्यांना अद्याप फॉलदेखील लावलेला नाही अशा सात निघाल्या. त्या कोणी दिल्या, कोणत्या मंगलकार्यात मिळाल्या, हेही आठवेना. त्यांच्याखाली सासूबाईंची दोन सुती नऊवारी लुगडी होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड! एकातून माझ्यासाठी एक पाचवारी निघाली आणि उरलेल्यात नातीचे दोन परकर झाले. दुसऱ्याचे मधले अंग विरले होते. ते काढून टाकून दोन्ही बाजू दांड घालून जोडल्या. सगळेच साधले असे मात्र नाही. एक बरी रेशमी साडी मी उभा-आडवा धागा न पाहता कापली आणि वाया घालवली. यजमानांच्या सदऱ्यांच्या कॉलरी झिजल्या होत्या, त्या उलटवून घ्यायला पांढुर्ण्याच्या बाजारातल्या एका वयस्क शिंपीकाकांकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, “बाई, कॉलर उलटवून घ्यायला किती वर्षांत कोणी आलं नाही.” पण हात विसरला नव्हता. चारही सदरे पुढे वर्षभर चालले.

खरी परीक्षा मात्र शिवणाची नव्हती. नात्यातल्या एका लग्नाला नागपूरला गेले, तेव्हा मागच्या वर्षीच्या लग्नात नेसलेलीच साडी नेसले होते. जेवणाच्या पंगतीत एका आप्त बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “वहिनी, घरी सारं ठीक आहे ना?” त्यांच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तेच वस्त्र दुसऱ्यांदा दिसले की आपल्याला संकट दिसते. आर्थिक ओढाताण, मुलाची गेलेली नोकरी, आजारपण. बाईने ते आवडीने नेसले असेल ही शक्यता कोणाच्या मनाला शिवतही नाही.

ही समजूत आपल्याकडे मुळात नव्हती. जुन्या घरात कापडाला एक आयुष्यक्रम असे. लुगडे विरले की दांड घालून नेसायचे, तेही थकले की त्याचा परकर किंवा पोलके, मग बाळाचे झबले, दुपटे, कुंची, मग गोधडीचा थर, मग पोतेरे, आणि अखेरच्या चिंधीचा काकडा. कापड घरातून बाहेर पडे ते धूर होऊन. आपली घराणी या मुलुखात कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आली, कोणी नंतर कचेरीच्या, शाळेच्या, रेल्वेच्या नोकऱ्यांनी आली. त्यांच्या बाडबिस्तऱ्यात गोधडी होतीच. तिच्यात आजीचे काठ, आत्याचा खण, मेलेल्या मुलाचे झबले असे सगळे घर शिवलेले असे. दारिद्र्यातून ही रीत आली हे मान्य. पण सुस्थितीतल्या घरांनीही ती मोडली नव्हती हे विसरू नये.

मग ती मोडली कशी? नागपूरकडे पाहा. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला होता. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली; तिचे नावही त्या सम्राज्ञीवरूनच. आणि त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांत उभे होते. एकाच दिवसाची ही दोन चित्रे, दोन्ही स्वदेशीच. सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, एम्प्रेस मिल बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला. त्यानंतर परळ-लोअर परळच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि तिथल्या फिनिक्स मिलच्या आवारातही आज दुकानांचीच रांग आहे. जिथे कापड निघत होते तिथे कपडे विकले जातात, हे आपण प्रगती म्हणून दाखवतो. मला त्यात एवढेच दिसते की कापड कसे होते, किती हातांतून जाते, हे डोळ्यांआड गेले. आणि जे डोळ्यांआड गेले ते स्वस्त वाटू लागले.

या स्वस्ताईची किंमत दुसरे कोणीतरी मोजते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले होते. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज जागतिक वन्यजीव निधीने दिला आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात असे दहा-दहा टी-शर्ट एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांतले तीनच अंगात घातले जातात.

निमित्ते तर आपण नवनवी निर्माण केलीच आहेत. नवरात्रातल्या नऊ दिवसांच्या नऊ रंगांचेच घ्या. या शतकाच्या आरंभी एका मुंबईकर वृत्तपत्राने ही टूम काढली. तिला ना शास्त्राचा आधार, ना आपल्या आजी-पणजीच्या आचाराचा. तरी वीस वर्षांत ती इतकी रुजली की उद्याचा रंग आपल्यापाशी नाही म्हणून संध्याकाळी बाजार गाठणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया मी पाहिल्या आहेत. देवीला अमुक रंग लागतो हे आपल्याला छापील रकान्याने सांगितले आणि आपण ते व्रत म्हणून स्वीकारले. आपल्या मंडळाच्या कोजागिरीला आणि स्नेहसंमेलनाला तरी काय होते? मराठी टिकली पाहिजे यावर कळकळीची भाषणे होतात, आणि मध्यंतरात चर्चा असते ती कोणती साडी कुठून आणली याची. मीही त्यात होते, हे कबूल करते.

आता आक्षेपांकडे वळते; ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा की आपण कापड घेतले नाही तर कापूस पिकवणाऱ्याने काय करावे? सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यांबरोबर कापसावरही कितीतरी घरे जगतात, तेव्हा हा प्रश्न आमच्या दारातलाच आहे. पण जगात आज तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक एकटे पॉलिस्टर असते, म्हणजे खनिज तेलातून काढलेले. तीनशे रुपयांची जी चकचकीत साडी आपण ‘घ्यायची म्हणून’ घेतो, तिच्यात आमच्या शेतातले एक बोंडही नसते. तिचा पैसा शेतकऱ्याकडे जातो ही आपण स्वतःची घातलेली समजूत आहे. शेतकऱ्याची आणि कोष्ट्याची एवढी चिंता असेल, तर नेमाचे वर्ष संपल्यावर उमरेड-भंडाऱ्याकडचे हातमागाचे एकच सुती वस्त्र पुरा भाव देऊन घ्यावे आणि ते दांड घालण्याची वेळ येईपर्यंत वापरावे. सूटिंगच्या कापडाची मोठी गिरणी आमच्या सौंसरजवळ बोरगावलाच आहे. चांगल्या कापडाचा एक सूट माणसाला तीस वर्षे पुरतो हे तिथे काम करणारेही सांगतील.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा, आणि तो मला अधिक लागतो. ‘पुन्हा सुईदोरा आमच्याच हाती का?’ बरोबर आहे. म्हणून माझ्या नेमात पुरुषही येतात. आमच्या घरी आता बटण ज्याचे तुटले त्याने लावायचे असा नियम आहे, आणि यजमान सत्तरीत काज करायला शिकले. जे जमत नाही ते शिंप्याकडे द्यावे आणि त्याला दुरुस्तीचे दाम नव्या शिलाईच्या तोडीचे द्यावे. दुरुस्तीला कोणी मोल देत नाही म्हणूनच हात विसरतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. तो कोणी माझ्यासमोर बोलून दाखवला नाही, पण तो मी स्वतःला अनेकदा विचारला. ठिगळाचे कौतुक करणे हा भरल्या पोटीचा खेळ नव्हे काय? मनुस्मृतीने चांडाळाला मृताची वस्त्रे नेमून दिली होती. दुसऱ्याने टाकलेले अंगावर घालावे लागणे हे या देशात पिढ्यान्‌पिढ्या जातीचे लक्षण होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीच्या दहनानंतर, महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी सांगितले की ज्यावरून तुमची जात ओळखू येते तो वेष टाका, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे पांढऱ्या स्वच्छ वस्त्रांत धम्मदीक्षेला उभी राहिली. त्या पांढऱ्या वस्त्रामागे जे मोल होते, त्यापुढे माझ्या नेमाला काही बोलण्याचा अधिकार नाही. ज्यांना नवे कापड नाकारले गेले त्यांनी ते अवश्य घ्यावे, आणि मिरवावेही.

त्याच काळात, त्याच वऱ्हाड-नागपुरात, गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारत हिंडत होते. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, गाडगेबाबा त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला. एकाने आपल्या माणसांच्या अंगावरची लादलेली चिंधी काढली, दुसऱ्याने स्वतःच्या अंगावर ती निवडून घेतली. यांत विरोध नाही. ठिगळ लादले तर अपमान होतो. निवडले तर तो नेम होतो. निवडण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्याच्यासाठीच माझा हा लेख आहे, आणि ती ऐपत आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांपाशी आहे.

म्हणूनच मी दुसरी अट घातली. जुने कपडे ‘देऊन टाकणे’ याला आपण दान म्हणतो. कामाला येणाऱ्या बाईच्या हाती दिवाळीत पिशवी ठेवली की आपले कपाटही मोकळे होते आणि मनही. आणि पुढच्या रविवारी आपण पुन्हा बाजारात जायला मोकळे. १९२१ मध्ये या प्रश्नावर दोन थोर माणसांत वाद झाला होता. ३१ जुलैला मुंबईत परळला गांधीजींनी परदेशी कापडाची होळी केली. रवींद्रनाथांना ते पटले नाही. जे कापड जाळायचे ते वस्त्रहीनांचे आहे, ते जाळणारा मी कोण, असा त्यांचा भाव होता. गांधीजींचे उत्तर आपल्या सर्वांना बोचावे असे आहे. उघड्याला काम हवे असताना कपडा देणे हा त्याचा अपमान आहे, आणि द्यायचेच असेल तर टाकलेले नव्हे, आपल्यातले उत्तम द्यावे, असा त्याचा आशय होता. त्या होळीची आपण शतकभर भाषणे केली. आपले टाकाऊ दुसऱ्याच्या अंगावर घालू नये हा बोध मात्र विसरलो.

श्रीमंत देशांचा हाच व्यवहार आता जगभर पसरला आहे. घानाची राजधानी आक्रा येथे कांतामांतो नावाचा मोठा बाजार आहे. युरोप-अमेरिकेतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथे येतात. तिथल्या भाषेत त्या कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, असे तिथल्या लोकांना वाटले असावे! मनूच्या त्या मृतवस्त्रांची आठवण होऊन मी दचकले. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर न विकलेल्या कपड्यांचे डोंगर पडल्याची छायाचित्रे २०२१ मध्ये जगभर छापून आली. आपल्या देशात पानिपतचे कारखाने असे जुने कपडे फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा करतात. पण आधी भरमसाट घ्यायचे आणि मग ते फाडायला दुसरीकडे पाठवायचे, यापेक्षा मुळातच कमी घेणे शहाणपणाचे नव्हे काय?

चौथा आक्षेप चिक्कूपणाचा. त्याला उत्तर इतिहासच देतो. ज्या इंग्लंडच्या लँकेशायरने आपल्या विणकरांचे माग थांबवले, त्याच इंग्लंडात १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते, आणि आहे त्यातच भागवा, ठिगळ लावा, हे सांगण्यासाठी सरकारने पुस्तिका काढल्या. युद्धासाठी अख्ख्या राष्ट्राने कोपरावर ठिगळ लावले आणि त्यात कोणाचा मान गेला नाही. आपल्याकडेही १९४३ पासून कापडावर नियंत्रण होते. कंट्रोलच्या कापडाच्या रांगा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या होत्या. संकट आले म्हणून जे करता येते, ते संकट येऊ नये म्हणून का करता येऊ नये?

शेवटी एक सूचना करते आणि थांबते. येत्या पाडव्याच्या मेळाव्याला प्रत्येकाने आपल्याकडचे सर्वांत जुने, पण अजून वापरातले वस्त्र घालून यावे. दुरुस्ती झाकू नये. दांड दिसू द्यावा, ठिगळ दिसू द्यावे. मंडळाने त्या दिवशी एखाद्या वयस्क शिंपीकाकांना बोलवावे, त्यांना व्याख्यात्याचे मानधन द्यावे, आणि रफू कसा करतात, कॉलर कशी उलटवतात हे स्त्री-पुरुषांनी मिळून शिकावे. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी सुई आणि दोऱ्याचे रीळ द्यावे.

आमच्या घरच्या गुढीला दरवर्षी सासूबाईंचेच एक जरीकाठी वस्त्र बांधले जाते. जुनी जर विकत घेणारे दोनदा दारात येऊन गेले. जाळून चांदी काढली असती, पैसेही बरे आले असते. ते दिले नाही. पदराला आता चार ठिकाणी टाके आहेत, आणि वाऱ्यावर ते वस्त्र फडकते तेव्हा रस्त्यावरून सहज दिसतात. यंदाही तेच बांधणार आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी येऊन टाके मोजावेत.